ड्रायव्हरच्या उजवीकडची जागा

त्या दिवशी संकष्टी होती. नंदिनीने गणपतीपुढे दिवा लावला, रोजचा अध्याय वाचून पोथी कपाळाला लावली आणि दुकानाचं शटर वर ढकललं, तर समोर वडापच्या जीपांची रांग. रांग कसली, तिरक्यातारक्या घुसवलेल्या गाड्या. कुणी बॉनेटवर बसून तंबाखू मळतंय, कुणी स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपलंय.

"उठले का बाई तुमचे देव?" बंडा खाडे जीपमधूनच ओरडला. "उठले असले तर आमच्या डब्याकडं बघा जरा. परत पेटलाय."

"देव कधीचे उठलेत. तू अंघोळ केलीस का ते सांग," नंदिनी हळूच म्हणाली. तिचा आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे तिचा टोमणा लागायला जरा वेळ लागायचा. लागला की मात्र सगळा फाटा हसायचा. आज कुणी फारसं हसलं नाही.

कळे फाट्यावरून गगनबावड्याकडे जाणारी वडाप म्हणजे भरली की सुटणारी जीप. डिझेल जाऊन बॅटरी आली, गिअरचा दांडा गेला, भाडं मोबाईलमधून मोबाईलमध्ये जाऊ लागलं. पण वडाप वडापच राहिली. नऊ जणांच्या गाडीत पंधरा माणसं, दुधाची किटली आणि कुणाच्या तरी मांडीवर कोंबडी.

आणि डबा म्हणजे गाडीचं कंट्रोल मॉड्यूल. पूर्वी हा डबा फक्त गाडीची नाडी बघायचा. कुठे काही बिघडलं की एक अक्षर आणि पुढे आकडा लिहून ठेवायचा, आणि नंदिनीसारखी माणसं स्कॅनर जोडून तो कोड वाचायची. कोड म्हणजे रोग नव्हे. रोगाचा पत्ता, तोही पुष्कळदा शेजारच्या घराचा. कोड यावा सेन्सरचा आणि दोष निघावा उंदराने कुरतडलेल्या वायरीत, हे तिने कितीदा पाहिलं होतं. म्हणून तिचे दोन नेम होते. दिवा लावल्याशिवाय स्कॅनर हातात घ्यायचा नाही, आणि कारण सापडल्याशिवाय कोड पुसायचा नाही. पहिला आईने घालून दिलेला होता, दुसरा तिचा तिने.

पाडव्यापासून प्रवासी गाड्यांना नवा डबा सक्तीचा झाला. हा डबा ड्रायव्हरचीही नाडी बघत होता.

स्टेअरिंग धरलेला माणूस कितीही स्वस्थ दिसला, तरी त्याचे हात स्वस्थ नसतात. सरळ रस्त्यावरसुद्धा ते चाकाला केसभर इकडे, केसभर तिकडे ढकलत असतात. डोळ्याला चूक दिसते, मेंदू हुकूम सोडतो, हात दुरुस्ती करतो. हे सगळं माणसाच्या नकळत, अखंड. ह्या चिमुकल्या दुरुस्त्यांना प्रत्येकाची एक लय असते. मेंदूच्या काही आजारांत हाताला कंप सुटण्याच्या कितीतरी आधी ही लय एका बाजूला मंदावू लागते. त्या माणसाला कळत नाही, घरच्यांना कळत नाही; पण स्टेअरिंगच्या दांड्यातला पीळ मोजणाऱ्या सेन्सरला कळतं. लाखो ड्रायव्हरांचे हात पाहून डबा ही लय ओळखायला शिकला होता. सीटवर वजन कुठे पडतं, ब्रेकवर पाय किती उशिरा जातो, हेही तो जोडीला बघायचा. संशय आला की डी अक्षराचा कोड टाकायचा आणि पिवळा दिवा पेटवायचा. बाकीची अक्षरं गाडीच्या दोषांची. डी म्हणजे ड्रायव्हर.

डी-एक्केचाळीस म्हणजे 'चालकाच्या डाव्या अंगाची हालचाल मंद'. तो आला की गाडी ताशी तीसच्या वर जायची नाही. महिनाभरात मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला नाही दिला, तर त्या ड्रायव्हरच्या लायसन्सवर सुरूच व्हायची नाही. आणि ह्या मार्गावरच्या जवळजवळ प्रत्येक वडापवाल्याला डी-एक्केचाळीस आला होता.

"अख्ख्या पंचक्रोशीचं डावं अंग एकदम लुळं पडलं म्हणायचं," बंडा म्हणाला. "कोल्हापुरात डॉक्टरची तारीख मागितली तर दिवाळीनंतरची देत्यात. तोवर काय बैल जुंपू?"

तेवढ्यात गजेंद्रची जीप आली. गजेंद्र हा नंदिनीचा थोरला भाऊ आणि वडाप संघटनेचा अध्यक्ष. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. त्याच्याही डब्यावर तोच पिवळा दिवा जळत होता.

"नंदे, सोमवारी मुजावरसाहेब येणार हायत," तो उतरता उतरता म्हणाला. मुजावर हे परिवहन खात्याचे निरीक्षक. "म्हणाले, कोड खोटा असेल तर दाखवून द्या. नाहीतर गाड्या जमा करा. तुझ्याकडं परवाना हाय. सगळ्यांचे कोड पुसून टाक आणि मोकळी हो."

"पुसला तर चार फेऱ्यांत परत येईल, दादा. साहेबांनाही ते ठाऊक असणार."

"मग?"

"मग कारण शोधायचं."

"आणि नाहीच सापडलं तर?"

नंदिनीने स्कॅनरची वायर उलगडली. "बंडा, चल. गगनबावड्याला जाऊन येऊ. मी मागे बसते."

---

मागच्या बाकावरून ड्रायव्हर पाठमोरा दिसतो. जाताना बंडाच्या दोन्ही बाजूंना माणसं कोंबलेली होती. डावीकडे दोघं, आणि उजवीकडे, त्याच्या आणि दाराच्या मधे, एक म्हातारेबुवा अर्ध्या बुडावर. बंडा मधोमध चेपलेला. डावा हात शेजाऱ्याच्या खांद्याखाली अडकलेला, सगळं स्टेअरिंग उजव्या हाताने फिरतंय, ब्रेककडे पाय तिरका जातोय. नंदिनीच्या मांडीवरच्या स्कॅनरवर दोन रेघा धावत होत्या. उजव्या हाताची रेघ नाचरी, डाव्याची जवळजवळ सपाट.

हे कारण उघड होतं, पण पुरेसं नव्हतं. कोड रिकाम्या गाडीतही जळतच राहायचा.

परतीला गगनबावड्यावरून माणसंच मिळाली नाहीत. ताशी तीसने रखडणाऱ्या वडापला कोण थांबणार? म्हातारेबुवा उतरून गेले होते, शेजारची जागा मोकळी होती. गाडी साळवणपर्यंत आली आणि नंदिनीचं लक्ष बंडाच्या पाठीकडे गेलं. अख्खी सीट त्याची एकट्याची असूनही तो डावीकडे झुकून, एक कूस वर करून बसला होता. उजवीकडे बरोबर एका माणसाची जागा सोडून.

"बंडा, उजवीकडे कोण बसलंय?"

"कोण न्हाई की."

"मग जागा कुणासाठी सोडलीस?"

बंडाने खाली बघितलं. मग स्वतःशीच हसला. "आयला! सवय हो बाई. घरी जेवायला बसलो तरी असाच बसतो. बायको म्हणती, सरळ बसा, पंगतीत कोण येणार न्हाई."

नंदिनी मात्र हसली नाही. ती जागा तिच्या चांगली ओळखीची होती. आबा, म्हणजे वडील, गेले तेव्हा ती शाळेत होती. गजेंद्र कॉलेज सोडून वडापवर बसला आणि पुढे तिला रोज कोल्हापूरला तंत्रनिकेतनात सोडू लागला. परक्या माणसांत ती चेंगरू नये म्हणून तिला तो स्वतःच्या आणि दाराच्या मधे बसवायचा. स्वतः डावीकडे कलायचा, स्वतःला त्रास करून घ्यायचा, आणि वर विचारायचा, "नीट बसलीस का गं?" डब्याला शिकवणाऱ्यांनी पाहिलेले लाखो ड्रायव्हर आपापल्या सीटवर एकटे बसणारे होते. दुसऱ्याला जागा देऊन वर्षानुवर्षं वाकडी झालेली पाठ त्यांच्या हिशेबातच नव्हती. मग डबा दुसरं काय म्हणणार? त्याने आपल्या परीने खरं तेच सांगितलं होतं. डावं अंग चालत नाही.

---

उपाय साधा होता. नंदिनीने गाडीत उजवीकडे कुणालाही बसू द्यायचं नाही असं ठरवलं आणि ड्रायव्हरच्या डाव्या कुशीला एक घट्ट उशी दाबून बसवली. झुकायला जागाच उरू नये.

"बाळंतिणीगत उशी लावली की मला," पहिलाच ड्रायव्हर कुरकुरला.

"डिंकाचे लाडूपण देते. सरळ बस."

पुलापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. चार-पाच फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत रेघ सपाटच राहायची. हातालाही आठवायला वेळ लागत होता. तिसऱ्या फेरीला डावी रेघ हलायला लागायची आणि चौथ्या-पाचव्याला पिवळा दिवा आपोआप विझायचा. पुसावा लागला नाही. बंडाचा विझला तेव्हा तो गाडीतून उतरून डब्याच्या पाया पडला. शनिवार उलटेपर्यंत एकेकाचा दिवा विझत गेला आणि फाट्यावर चहावाल्याची चंगळ झाली.

गजेंद्र सगळ्यांच्या शेवटी बसला. अध्यक्षाने मागूनच जेवायचं असतं, असं तो म्हणाला.

पाच फेऱ्या झाल्या. दिवा जळत होता. नंदिनी म्हणाली, "दादा, अजून दोन." तरीही जळत होता. रेघ हलत होती, पण उजव्या रेघेच्या मागे मागे, लंगडत.

"माझी सवय लई जुनी," गजेंद्र म्हणाला. "दम धर."

"सेन्सरही असेल," नंदिनी म्हणाली, आणि तिला मनापासून तसंच वाटलं. तिने बंडाला गजेंद्रच्या जीपमध्ये बसवलं. दोन्ही रेघा जोडीने नाचल्या. सेन्सर ठणठणीत होता. मग तिने गजेंद्रला बंडाच्या जीपमध्ये बसवलं, त्याचं लायसन्स त्या डब्याला लावलं आणि स्वतः मागे बसली.

डावी रेघ लंगडत होती.

दोष शोधायची ही तिची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भरवशाची रीत. शंकेचा भाग काढून दुसऱ्या गाडीत घालायचा आणि बघायचं, दोष गाडीत मागे राहतो की भागासोबत जातो. तो जातो तिथेच त्याचं घर. आज शंकेचा भाग तिचा भाऊ होता आणि दोष त्याच्यासोबत गेला होता.

ती उतरली, स्कॅनर बंद केला आणि म्हणाली, "उद्या घरी येते."

---

रविवारी ती गेली तेव्हा रेश्मावहिनी चुलीवरचं काळं ठिक्कर पातेलं घासत होत्या.

"बघा हो नंदाताई, तुमच्या दादाला दुधाकडं बघा म्हणून मी परड्यात गेले. शेजारचे घाटगे पळत आले करपल्याच्या वासानं, आणि हे तिथंच शेजारी बसून मोबाईल बघतायत! नाक गहाण टाकलंय जणू."

"कधीपासून असं?" नंदिनीने विचारलं.

"वर्ष झालं असंल. सुकटीचासुद्धा वास येत न्हाई म्हणतात. बरंच झालं म्हणते मी, आमटीला नावं ठेवत न्हाईत."

गजेंद्र सोप्यातून अंगणात आला. चालताना त्याचा उजवा हात झुलत होता. डावा तसाच अंगालगत. हेही नंदिनीने आजवर शेकडो वेळा पाहिलं असेल, दिसलं आज.

वहिनी पातेलं घेऊन मोरीकडे गेल्या. नंदिनीने जे होतं ते सरळ सांगितलं. रेघेचं, गाड्या बदलून पाहिल्याचं, वासाचं, हाताचं. आजाराचं नाव मात्र घेतलं नाही. "ते डॉक्टर सांगतील. मी फक्त एवढंच सांगते, दादा, की बाकीच्यांचा कोड खोटा होता. तुझा नाही."

गजेंद्र गोठ्याच्या बाजूला वळला. मग म्हणाला, "पुसून टाक."

"दादा—"

"ऐक. पुसला की परत यायला चार फेऱ्या लागतात, तूच म्हणालीस. उद्या साहेबांपुढं एक फेरी मारायची हाय. अध्यक्ष म्हणून पहिला मलाच बसवणार. दिवा नसला की झालं. सगळ्यांच्या गाड्या सुटतील. माझं माझं मी मागनं बघतो."

"मागनं म्हणजे कधी?"

"बघतो म्हणालो की!"

"गगनबावड्याच्या वळणांवर पंधरा माणसं मागे असताना ब्रेकवर पाय उशिरा गेला तर?"

"एवढी वर्षं गेलाय का उशिरा?" त्याचा आवाज चढला. मोरीतलं घासणं थांबलं. "तुला ह्या हातांनी कॉलेजात सोडलं. त्या उजवीकडच्या जागेवर बसून शिकलीस आणि आज मलाच उतरवतीस व्हय खाली? तुझ्या पोथीत हेच लिवलंय?"

नंदिनीचे डोळे भरले, पण आवाज होता तेवढाच राहिला.

"मी पुसणार नाही, दादा. आणि कुणाला सांगणारही नाही. तो तुझा आजार आहे, तुझ्या तोंडून निघायला हवा. उद्या तू बसू नकोस, बंडाला बसव. ते तुझ्या हातात आहे. पण पुसणं माझ्या हातात आहे आणि ते मी करणार नाही."

"मग जा," गजेंद्र म्हणाला.

ती गेली. वाटेत फाट्यावरच्या मारुतीपुढे क्षणभर उभी राहिली. दिवा विझू दे, असं तिने मागितलं नाही. विझलेला दिवा तिला नको होता. दादा हवा होता. उद्या कुणी काहीही बोललं तरी जीभ आणि हात दोन्ही जागेवर राहू देत, एवढंच तिने मागितलं.

---

सोमवारी मुजावरसाहेब वेळेवर आले. मध्यम वयाचे, शांत, चष्म्याआडून नीट बघणारे. गजेंद्रने तिच्याकडे न बघता जाहीर केलं, "पहिला बंडा बसंल." लोकांना नवल वाटलं.

नंदिनीने साहेबांना उजवीकडची जागा दाखवली, झुकलेली पाठ दाखवली, दोन्ही रेघा दाखवल्या. बंडा आधी त्याच्या सवयीप्रमाणे बसला; रेघ सपाट. मग उशी लावून फेऱ्या मारल्या. रेघ नाचू लागली. मागोमाग आणखी दोघं. साहेबांनी प्रत्येक फेरी स्वतः मागे बसून पाहिली. ड्रायव्हरांचे चेहरे फुलले.

साहेब उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मेहनत घेतलीत. पण मला एक शंका आहे. उशी लावली की कोड जातो. सगळ्यांचाच जातो. मग उद्या खरोखर आजारी माणूस उशी लावून बसला तर त्याचाही जाईल. ही कोडचं खरं-खोटं करायची उशी आहे की कोड झाकायची, हे मी कसं ठरवू?"

शंका रास्त होती. नंदिनीला ती आधीच दिसली होती; साहेब हे विचारणार हे तिला ठाऊक होतं.

"असा एक तरी ड्रायव्हर दाखवा," साहेब म्हणाले, "ज्याला तुम्ही उशी लावलीत आणि तरीही कोड गेला नाही. एक जरी असला, तर मी आत्ता इथे बाकीच्यांना मोकळं करतो."

"ते मी सांगू शकत नाही, साहेब."

"म्हणजे नाही कुणी."

"म्हणजे सांगू शकत नाही."

"अहो बाई, बोला की!" बंडा तळमळून म्हणाला. "असंल कोण तर सांगा, नसंल तर नाय म्हणा. आमचा गळा का कापताय?"

"उपासतापासानं डोकं फिरलंय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

नंदिनी जमिनीकडे बघत उभी राहिली. हात पदराच्या टोकात गुंडाळलेले. एक नाव घेतलं की सगळी माणसं सुटत होती, आणि ते नाव तिच्या जिभेवर निखाऱ्यासारखं होतं. तिने ते तिथेच धरून ठेवलं. साहेबांनी फाईल मिटायला घेतली.

"सरका," गजेंद्र म्हणाला.

तो गर्दीतून पुढे आला, बंडाला बखोटीला धरून सीटवरून खाली उतरवलं आणि स्वतः चढून बसला. लायसन्स डब्याला लावलं. उशी डाव्या कुशीला दाबून घेतली.

"बसा साहेब मागं. नंदे, तूपण बस. लाव तुझी वायर."

"दादा, तुला—"

"बस म्हणालो न्हवं?"

फेऱ्या झाल्या. सगळा फाटा रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. शेवटच्या फेरीला साहेबांनी स्कॅनर स्वतःच्या हातात घेतला. गाडी थांबली. पिवळा दिवा जळत होता. गजेंद्रने दार उघडलं आणि सगळ्यांना दिसेल असं डब्याकडे बोट केलं.

"हा बघा. माझा गेला न्हाई. हिनं कालच मला सांगितलं होतं आणि मी हिला पुसायला सांगितलं होतं. हिनं पुसला न्हाई." त्याने उशी उपसून साहेबांपुढे धरली. "तेव्हा उशी काय झाकत न्हाई, साहेब. पटलं का?"

तंबाखू मळणारे हात थांबले होते. बंडा बावळटासारखा म्हणाला, "गजाभाऊ, आमचा गेला मग तुमचा का—" आणि मधेच त्याला उमगलं. त्याने तोंड फिरवलं.

मुजावरसाहेबांनी घाईघाईने काही लिहिलं नाही. ते आधी गजेंद्रजवळ गेले. "हे लवकर सापडलंय, गजेंद्रराव. माझे सासरे अशाच आजारात गेले, त्यांना कळलं तेव्हा घास तोंडापर्यंत जात नव्हता. खोट्या कोडवाल्यांनी डॉक्टरांची रांग तुंबलीय. ती आज मोकळी होईल. खऱ्या कोडवाल्याला पुढे घ्यायची सोय आहे. उद्याचीच वेळ मागतो."

मग ते बाकीच्यांकडे वळले. सरळ बसल्यावर कोड विझेल त्याची गाडी मोकळी. मात्र प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या उजवीकडची जागा लोखंडी दांडा लावून बंद. तिथे माणूस दिसला तर गाडी जमा. आणि डबा बनवणाऱ्यांकडे ह्या रेघा जाणार, म्हणजे वाकडं बसणं आणि आजार यांतला फरक तोही शिकेल.

"म्हंजे फेरीला एक सीट गेली," मागून कुरकुर झाली. "पुढच्या एका माणसाचं भाडं म्हंजे—"

"एक सीट गेली," गजेंद्र म्हणाला. "एक ड्रायव्हरपण गेला. अजून कुणाची काय तक्रार?"

कुरकुरणारा आपल्या जीपकडे वळला.

गर्दी पांगल्यावर तो जीपला टेकून उभा राहिला. नंदिनी वायर गुंडाळत होती. ती तिसऱ्यांदा गुंडाळत होती.

"तुला ठाऊक होतं, साहेब हे विचारणार," तो म्हणाला.

"हो."

"आणि तरी गप्प बसलीस. सगळे शिव्या घालत होते तरी."

"हो."

"मी उठलो नसतो तर?"

नंदिनीला खोटं बोलता आलं असतं. "तर सगळ्यांच्या गाड्या जमा झाल्या असत्या, दादा. मग मी दुसरा मार्ग शोधला असता. पण तुझं नाव घेतलं नसतं."

गजेंद्रने तिच्या हातातली वायर काढून घेतली. "आबांवर गेलीस," तो म्हणाला. "तेपण असंच गप राहून मारायचे."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरला जायला बंडाची वडाप निघाली. नव्या दांड्याचा रंग अजून ओला होता, त्यावर फडकं बांधलं होतं. गजेंद्र मधल्या बाकावर खिडकीशी बसला. त्याच्या शेजारी नंदिनी, तिच्या पलीकडे रेश्मावहिनी जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली पोटाशी धरून. वहिनी रात्रभर रडल्या होत्या आणि आता कुणाशीच बोलत नव्हत्या.

गजेंद्रला पाय कुठे ठेवावेत ते कळेना. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय पुढच्या सीटखाली ब्रेक शोधायचा.

"डॉक्टरांना पहिलं काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"वास येत नाही ते. मग हाताचं. मग मी रेघा दाखवते. त्यांना हव्या असतील तर दर महिन्याला काढून देईन. आपल्या दुकानामागच्या मोकळ्या रानात तू गाडी फिरवायची, एकटा. गोळी लागू पडतेय की नाही ते रेघेवर दिसेल."

"म्हंजे हा डबा माझ्या उरावर बसणार कायमचा."

"बसू दे. खोटं तर बोलत नाही."

"ह्या घरात कोणच बोलत न्हाई," वहिनी पहिल्यांदा बोलल्या, "हाच तर तरास हाय." आणि त्यांनी नवऱ्याचा डावा हात घट्ट धरला. गजेंद्रने तो सोडवून घेतला नाही.

बंडा मात्र आज गाडी चालवत नव्हता, पालखी नेत होता. खड्डा आला की थांबत होता, गतिरोधकावर जीव मुठीत धरत होता, मागून येणारे सगळे पुढे निघून जात होते. दिवा विझलेला असूनही गाडी ताशी तीसच्याही खाली रेंगाळत होती. आरशात त्याचा कावराबावरा चेहरा दिसत होता. एक सायकलवालासुद्धा घंटी वाजवून पुढे गेला, तेव्हा गजेंद्रच्याने राहवेना.

"ए बंड्या! मयताला न्हाई चाललो, दवाखान्यात चाललोय. दाब की जरा!"

बंडाने दाबलं.